न मोजलेली जागा

आमच्या लायब्ररीने त्या वर्षी जुने नकाशे काढून टाकले. क्युपर्टिनोत तेव्हा सारखं काही ना काही काढून टाकणं चालूच असायचं. जुने कॉम्प्युटर, जुने सोफे, दोन-तीन वर्षांपूर्वी तर कंपन्यांतली माणसंसुद्धा. त्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. दाराशी टेबलं मांडून त्यावर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या आणि हवे ते फुकट घेऊन जा, अशी पाटी लावली होती. मी बाबांसाठी मोठ्या टायपातलं एखादं पुस्तक बघायला गेले होते. ते मिळालं नाही म्हणून नकाशे उचलले.

आई-बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. साल २००४. बाबा सर्वे खात्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी रानोमाळ हिंडून मोजलेली जमीन कागदावर उतरवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गेल्या वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, किल्ल्या असलं काहीतरी, ते सगळ्यांचंच होतं. मग एकदा ते आमच्याच कॉलनीत फिरायला गेले आणि त्यांना घर सापडेना. आमच्याकडची घरं सगळी एका साच्यातली, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. आईने नेलं नाही. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा म्हणून माझ्या मागेच लागली. डॉक्टरांनी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी हाताने इतकं सुबक वर्तुळ काढलं की डॉक्टर बघतच राहिले. मग त्या वर्तुळात त्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले. त्यानंतर मीही हसणं सोडलं.

नकाशे डायनिंग टेबलावर पसरले त्या दिवशी मात्र आमच्या घरात कोणी आजारी आहे असं वाटलं नसतं. बाथरूमचा दिवा कुठल्या बटणाने लागतो हे ज्यांना रोज सांगावं लागे, ते बाबा तपकिरी रेषांवर बोट फिरवत मला सांगत होते, "ही टेकडी बघ. इकडून चढायला सोपी, पलीकडून सरळ कडा. हा ओढा वर्षातून एखाद वेळा वाहत असेल, तुटक रेघेने काढलाय ना म्हणून." जेवणाची वेळ टळली तरी ते उठेनात. शेवटी आम्ही तिघांनी, म्हणजे मी, आई आणि माझ्या नवऱ्याने, सोफ्यावर ताटं घेऊन जेवण उरकलं.

त्या गुंडाळीत मोहावी वाळवंटातल्या एकाच तुकड्याचे तीन नकाशे निघाले. बाबा नकाशाला शीट म्हणत, मीही तेच म्हणते. तिन्ही शीट वेगवेगळ्या काळातल्या होत्या. सगळ्यात जुनीवर एक वस्ती होती. रेल्वेच्या रुळांना लागून घरांचे काळे चौकोन, एका चौकोनावर झेंडा म्हणजे शाळा, एक पोस्ट, विहिरींची निळी वर्तुळं आणि जरा उंचवट्यावर तुटक रेघेच्या चौकटीत एक क्रूस. ते स्मशान. दुसऱ्या शीटवर शाळा नव्हती, पोस्ट नव्हतं, पाच-सहा घरं उरली होती आणि विहिरींपुढे 'कोरडी' असं लिहिलं होतं. तिसरीवर नुसते रूळ आणि एक कच्चा रस्ता. बाकी कोरा कागद.

बाबांनी तिन्ही शीट एकमेकींशेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मग चिडून म्हणाले, "घरं जातात, मान्य आहे. शाळा बंद पडते, विहीर आटते. स्मशान कुठे जातं?"

"नकाशात जागा पुरली नसेल," मी म्हटलं.

त्यांनी तिसऱ्या शीटच्या कोऱ्या भागावरून तळहात फिरवला. "जागाच जागा आहे. ही विमानातून फोटो घेऊन केलीय. विमानातून थडगी दिसतात होय?" आणि मग त्यांचं ते नेहमीचं, लहानपणापासून मी ऐकत आले होते ते: "मोजलं नसेल ते काढायचं नाही. आणि काढलेलं, तिथे जाऊन बघितल्याशिवाय पुसायचं नाही."

आई शेगडीपाशी रवा भाजत होती. तिने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, रवा करपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इंडियन ग्रोसरीला गेलो होतो. सामान गाडीत ठेवून झालं, मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब जरा. ह्यांचं सगळं विसरून व्हायच्या आत मला ह्यांना एक विचारायचंय."

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. घरात कोणी त्याच्याबद्दल बोलत नसे. मावश्यांच्या बोलण्यात कधीतरी 'तो पहिला' असा उल्लेख यायचा आणि लगेच कोणीतरी चहाचं बघायला उठायचं. बाकीचं मला त्या पार्किंग लॉटमध्ये कळलं. चंद्रपूरकडच्या जंगलात कालव्याचा सर्वे चालू होता, बाबांना कॅम्पवर पाठवलं होतं आणि आई बाळाला घेऊन त्यांच्याबरोबर तंबूत राहायला गेली होती. बाळ नुकतं बसायला लागलं होतं. तापाने गेलं. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मीठ घालून पुरतात आणि वर काही खूण ठेवत नाहीत. आणि बायकांनी तिथे जायचं नसतं, कुठे पुरलं ते विचारायचंही नसतं. बाबा आणि कॅम्पवरचे खलाशी, म्हणजे सर्वेची साखळी ओढणारी माणसं, त्याला घेऊन गेले. ऊन कलल्यावर परत आले. बाबांचं डोकं ओलं होतं, अंघोळ करून आले होते. थोड्या दिवसांनी कॅम्प उठला.

"मी कधी विचारलं नाही," आई म्हणाली. "आधी सासूबाई होत्या. मग तू झालीस, तेव्हा वाटलं, आता कशाला. मग वाटलं, म्हातारपणी विचारू, तेव्हा कोण अडवणार आहे? आता हे असं होऊन राहिलंय. ती जागा एकट्या ह्यांना माहीत आहे. ह्यांच्या डोक्यातून गेली की गेली."

"मी विचारते त्यांना," मी म्हटलं. मला धीर नावाची गोष्ट नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि सापडलेली चूक त्याच दिवशी सांगून टाकायची ही माझी सवय.

"तू नाही विचारायचं. मी विचारीन. माझं आहे ते."

मग ती नुसती संधी बघत राहिली. बाबांना बरा दिवस असला की ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची, भाजी निवडायला घ्यायची. ते नकाशातलं काहीतरी दाखवायचे, ती हं हं करायची. तोंडाशी आलेलं परत गिळताना मी तिला कितीदा तरी पाहिलं. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. एवढी वर्षं न विचारलेली गोष्ट भाजी निवडता निवडता विचारता येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

इकडे बाबांनी एकच धोशा लावला होता: तिथे जाऊन बघायचं. स्मशान खरंच गेलंय की आळशी माणसांनी पुसलंय, ते बघायचं. आईनेही त्यांच्या सुरात सूर मिळवला. तिथे गेल्यावर विषय आपोआप निघेल, असं तिला वाटलं असणार.

माझा नवरा पुण्याचा. "यार, लाँग वीकेंडला लोक टाहो लेकला जातात," तो म्हणाला. "आपण तिथलं बुकिंग कॅन्सल करून वाळवंट बघायचं? आणि तेही नकाशात नाहीये ते?"

"तू टाहोला जा," मी म्हटलं.

तो आमच्याबरोबर आला. बडबड करत आला, पण गाडी सगळी त्यानेच ड्राइव्ह केली. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं बरोबर घेतलं होतं. बाबा पुढे बसले, मांडीवर सगळ्यात जुनी शीट. डोंगर उतरून आम्ही सपाटीला लागलो तशी हिरवळ संपली, मग शेतं संपली, मग कुंपणंही संपली. फेब्रुवारी असूनही ऊन डोळ्यांत घुसत होतं.

वस्तीच्या अलीकडे एक पेट्रोल पंप होता. तिथे कॉफी देणाऱ्या म्हातारीला बाबांनी शीट दाखवली. ती चष्मा लावून वाकली, घरांच्या चौकोनांवरून बोट नेलं आणि एका चौकोनाशी थांबली. तिची आजी त्या घरात लग्न होऊन आली होती. सरकार जमीन देत होतं म्हणून लोक लांबून लांबून आले, तिने सांगितलं. आल्यावर पहिली काही वर्षं पाऊस बरा झाला, गहूसुद्धा आला, तेव्हा त्यांना वाटलं, इथलं हवामान हे असंच. मग पाऊस थांबला. चांगल्या पावसाची ती वर्षंच नेहमीपेक्षा वेगळी होती, हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत विहिरी तळाला गेल्या. एकेक घर निघालं. काहींनी जाताना घराच्या फळ्याही काढून नेल्या. "स्मशान?" ती म्हणाली. "असेल कुठेतरी. तिकडे कोणी जात नाही."

हे सगळं मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू त्या शीटवरून त्यांना हे आधीच कळलं होतं.

शाळेच्या जागी सिमेंटचा चौथरा निघाला, त्याला तीन पायऱ्या. बाबा त्या पायऱ्या चढून वर जाऊन उभे राहिले आणि आम्हाला हात केला. घरांच्या जागी त्याहून कमी होतं. गंजलेले डबे, पलंगाच्या स्प्रिंगा, एका चुलीचं लोखंडी दार, आणि सगळीकडे फुटक्या बाटल्यांच्या काचा. त्या काचा जांभळ्या झाल्या होत्या. जुनी काच वर्षानुवर्षं उन्हात पडून राहिली की अशी जांभळी होते, हे मला नंतर कळलं. आईने कपबशीचा एक तुकडा उचलला, त्यावर निळी फुलं होती. पुसून परत जिथे होता तिथेच ठेवला. "बाईने कौतुकाने घेतली असतील," एवढंच म्हणाली. मला एकदम भडभडून आलं. ज्या लोकांचा माझा काही संबंध नाही, त्यांच्या उष्ट्या बशीवरून मला रडू येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

स्मशान लवकर सापडेना. माझा नवरा इकडून तिकडे जाऊन आला, मी जाऊन आले. करवंदीसारखी खुरटी झुडपं आणि वाळू, सगळीकडे तेच. बाबांनी गाडीच्या बॉनेटवर शीट पसरली आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. रुळांचं वळण बघितलं, काळ्या टेकडीचं टोक बघितलं, शीट जराशी फिरवली. मग पेन्सिल समोर धरून चालायला लागले. आम्ही मागे. मध्ये एक कोरडा ओढा लागला, तो ओलांडताना त्यांनी आईला हात दिला. पलीकडे जमीन किंचित वर चढत होती. "पुराचं पाणी लागू नये म्हणून वर केलंय," ते म्हणाले. त्या चढावर सहा-सात दगडांच्या राशी होत्या. दोन लाकडी खांब होते, त्यांच्यावरचं सगळं उडून गेलेलं. आणि एका लहानशा राशीभोवती लोखंडी कठडा होता, पाळण्याच्या कठड्याएवढाच उंच.

"आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांचा रिटायर होण्याआधीचा चेहरा आठवला. "पुसायचं काही कारण नव्हतं."

आई त्या कठड्यापाशी गेली. आत एक सिमेंटची लादी होती, सिमेंट ओलं असताना काडीने त्यावर लिहिलं होतं. "काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"बाळ," मी वाचलं. "आणि साल. जन्माचं आणि मरणाचं एकच."

"नाव?"

"नाव नाही."

"आपल्याचं ठेवलं होतं," आई म्हणाली, आणि तिने त्याचं नाव उच्चारलं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथे ते लिहीत नाही. माझा नवरा हळूच मागे सरकला आणि ओढ्याच्या दिशेने निघून गेला. त्याचं मला त्या वेळी फार बरं वाटलं.

आई बाबांकडे वळली. "अहो, आपल्या बाळाला कुठे ठेवलंत?"

बाबांनी शीटची घडी केली, परत उलगडली.

"सांगा ना. मी कोणाला सांगणार नाही. मला एकदा जाऊन यायचंय."

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

आईचा चेहरा पडला. मलाही वाटलं, गेलं, उशीर झाला. पण ती सोडायला तयार नव्हती. त्यांच्या बाहीला धरून ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, हल्ली ते गोंधळले की बोलायची तशी. "आठवून बघा. कॅम्पच्या मागे नाला होता. नाल्याच्या अलीकडे की पलीकडे? मोहाची झाडं होती ना तिकडे?"

"मी विसरलो नाही," बाबा म्हणाले. "मी गेलोच नव्हतो."

त्यांचा आवाज अगदी साफ होता. त्या दिवशी ते जितके जागेवर होते तितके त्यानंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते सांगत गेले आणि आई त्यांची बाही धरून ऐकत राहिली. नाल्यापर्यंत त्यांनी बाळाला उचलून नेलं होतं. तिथे खाली बसले ते उठताच येईना. एका खलाशाने त्यांच्या हातातून बाळाला घेतलं आणि म्हणाला, साहेब, तुम्ही इथेच बसा, आम्ही करून येतो. ते सगळे नाला ओलांडून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातांना माती होती. बाबांनी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. सगळ्यांबरोबर विहिरीवर अंघोळ केली आणि ते तंबूत आले.

"डोकं ओलं होतं तुमचं," आई म्हणाली.

"मी जाऊन आलो असं तुला वाटावं म्हणून."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगणार? बाप म्हणून त्याचं तेवढं एकच करायचं राहिलं होतं. तेही दुसऱ्याने केलं." मग म्हणाले, "पुढे त्या भागाची शीट माझ्याच टेबलावर आली. मी नाला काढला. विहीर काढली. मोहाची झाडं काढली, एकेक. मनात आलं, कुठेतरी बारीक ठिपका द्यावा, कोणाला कळणार आहे? पण कुठे देऊ? मोजलेलंच नव्हतं."

आईने त्यांची बाही सोडली. ती गाडीच्या दिशेने चालायला लागली, तो ओढा तिने एकटीनेच ओलांडला. बाबा तिथेच उभे होते. मी त्यांचा हात धरला आणि हळूहळू त्यांना खाली आणलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, दोन्ही एकदम, आणि ह्यातलं कुठलं आधी दाखवावं ते मला कळेना.

परतीच्या वाटेवर पुऱ्या कोणी खाल्ल्या नाहीत.

घरी आल्यावर आईने अबोला धरला. बाबांचा चहा वेळेवर मिळायचा, गोळ्या वेळेवर, कपडे पलंगावर काढून ठेवलेले. बोलणं नाही. मला स्वयंपाकघरात म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्यांच्या तोंडाकडे बघत आले. जेवताना, हे झोपले की. वाटायचं, ह्या डोक्यात एक जागा आहे, तिथे माझं पोर आहे. हे कितीही तिरसटपणे वागले तरी मी तेवढ्यासाठी ऐकून घ्यायची. आणि तिथे काहीच नव्हतं." ती कणीक मळत होती. मळता मळता रडत होती आणि हाताला पीठ असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. मी ओढणीने तिचे डोळे पुसले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

काही दिवसांनी बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आई बोलत का नाही माझ्याशी? मी काही केलं का?"

ते विसरले होते. वाळवंट त्यांच्या लक्षात होतं, चौथरा होता, लोखंडी कठडासुद्धा होता. तिथे आपण काय बोललो ते गेलं होतं. मी आईला तसं सांगितलं. त्या संध्याकाळी ती स्वतःच त्यांच्याजवळ जाऊन बसली. ज्याला भांडणच आठवत नाही त्याच्याशी अबोला धरून करायचं काय? बाबांनी तिला नकाशातली एक टेकडी दाखवली. तिने हं म्हटलं.

पुढे व्हिसाची मुदत संपली आणि ते नागपूरला परत गेले. बाबांनी तिन्ही शीट मागून घेतल्या. नंतरचं सगळं मला फोनवरून कळत गेलं. आमची शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची रात्रीची जेवणं. मी कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबायची, आई उचलायची. बाबांनी आज सदरा उलटा घातला. बाबांनी शेजाऱ्यांना ओळखलं नाही. मग एका शनिवारी बाबांनी मलाही ओळखलं नाही. कोण बोलून राहिलंय म्हणून अगदी अदबीने विचारलं, मला अहो-जाहो केलं. मी फोन ठेवल्यावर गराजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिले. घरात रडायचं नव्हतं मला.

मी मध्ये दोनदा नागपूरला जाऊन आले. दोन्ही वेळा बाबांनी पाहुणी आली म्हणून मला पाणी विचारलं.

२००७ मधल्या अशाच एका शनिवारी मी फोन केला तेव्हा मागून बाबांचा आवाज येत होता. बऱ्याच दिवसांत त्यांचं असं सलग बोलणं मी ऐकलं नव्हतं. "काय सांगून राहिलेत?" मी विचारलं.

"रोजचंच," आई म्हणाली. "थांब, स्पीकरवर टाकते."

बाबा सांगत होते, कामाच्या माणसाला समजावून सांगावं तसं. नाला ओलांडला की उगवतीला वळायचं. मोहाचं दुहेरी बुंध्याचं झाड लागतं. त्याच्या सावलीच्या जरा पुढे. माती मऊ होती, खणायला त्रास झाला नाही. मी स्वतः त्याला खाली ठेवलं. टोपडं नीट केलं. मीठ घातलं. वर दगड रचले, जनावरांनी उकरू नये म्हणून मोठे मोठे बघून आणले. खलाशी म्हणत होते, साहेब, आम्ही करतो. मी कोणाला हात लावू दिला नाही.

"हो," आई मधून मधून म्हणत होती. "हो. बरं केलंत."

मला ते ऐकवेना. चुका शोधण्याचं काम करून करून माझं डोकं तसंच झालं आहे. समोर खोटं दिसलं की मला ते तसंच सोडता येत नाही. मी तिला स्पीकर बंद करायला सांगितलं. म्हटलं, "आई, हे असं झालेलं नाही. त्या वाळवंटात त्यांनी स्वतः सांगितलं तुला, मी गेलो नव्हतो म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"मग हो काय म्हणतेस? उद्या तुलाच ते खरं वाटायला लागेल. झाड नाही, दगड नाहीत, काहीच नाही."

"नसू दे," आई म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेलाही नव्हता. "तेव्हा ह्यांना जाववलं नाही. आता रोज जाऊन येतात. जाऊ दे."

मागे बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आणि तू रोज ऐकत बसतेस," मी म्हटलं.

"ऐकत होते इतके दिवस. काल म्हणाले, तूही चल."

"मग?"

"मग काय. चपला घातल्या आणि गेले ह्यांच्याबरोबर."